गावात आलेल्या उत्खननाचे दप्तर कसे जमवावे, कसे जपावे

तापी-गोमाईच्या संगमावरचे प्रकाशा, गिरणाकाठचे बहाळ आणि त्याच्या पैलतीरावरचे टेकवाडे, चाळीसगाव तालुक्यातले पाटणे, साक्री तालुक्यातले कवठे. खानदेशातली ही गावे पुरातत्त्वाच्या पुस्तकांत जाऊन बसली आहेत. बहाळला १९५२-५३ आणि पुन्हा १९५६-५७ मध्ये एम. एन. देशपांडे यांनी खोदकाम केले, प्रकाशाला १९५५ मध्ये बी. के. थापर यांनी, पाटण्याला १९७२-७३ मध्ये एस. ए. साळी यांनी. कोणते खापर कोणत्या थरात मिळाले, हे अहवालात सापडते. तंबू कोणाच्या मळ्यात पडले होते, पाणी कोणत्या विहिरीचे भरत, हजेरी कोण मांडत होते, घमेली कोणी वाहिली, खापरे धुवायला कोण बसले, हे बहुतेक वेळा अहवालात नसते. ते गावाकडे असते, आणि गावाकडेही आता थोडेच उरले आहे.

गावच्या वारसा गटाचे काम म्हणजे मोहिमेचा हा दुसरा अर्धा भाग जपणे. खापरे, मणी, नाणी गोळा करणे हे गटाचे काम नाही. ही गोष्ट पहिल्याच बैठकीत ठरवून वहीत लिहून ठेवा, कारण गट स्थापन झाला की आठवडाभरात कोणीतरी पिशवीभर खापरे घेऊन येतेच.

कामाचा क्रमही तेव्हाच ठरवा: आधी माणसे, मग कागद आणि फोटो, मग जागा. १९५५ साली पंधरा वर्षांचा असलेला मजूर आज पंच्याऐंशीच्या घरात आहे. कागद आणखी दोन वर्षे पेटीत राहिला तर चालेल. माणसाचे तसे नाही.

छापील काय आहे ते आधी वाचा

मुलाखतीला कोऱ्या डोक्याने जाऊ नका. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा वार्षिक आढावा १९५३-५४ च्या हंगामापासून छापला गेला आहे. त्यात प्रत्येक उत्खननाची आणि शोधफेरीची नोंद असते, कधी एका परिच्छेदाची, कधी दोन-तीन पानांची. सविस्तर अहवाल नंतर वेगळा येतो. प्रकाशाचा अहवाल सर्वेक्षणाच्याच नियतकालिकाच्या २०-२१ या जोडअंकात आहे. धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ, पुण्याचे डेक्कन कॉलेज आणि जळगावच्या विद्यापीठाचे ग्रंथालय इथून ही पाने मिळवता येतात. आपल्या गावापुरत्या पानांची छायाप्रत काढा आणि तिचे मराठीत साधे टिपण करा. मुलाखत घेणाऱ्या प्रत्येकाला ते तोंडपाठ हवे.

शोधताना तीन अडचणी हमखास येतात.

पहिली जिल्ह्याच्या नावाची. १९०६ मध्ये खानदेशाचे दोन जिल्हे झाले: पूर्व खानदेश, मुख्य ठिकाण जळगाव, आणि पश्चिम खानदेश, मुख्य ठिकाण धुळे. महाराष्ट्र राज्य झाल्यावर जळगाव आणि धुळे ही नावे रूढ झाली आणि १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. म्हणजे प्रकाशाची १९५५ ची नोंद पश्चिम खानदेशात, १९७० ची धुळ्यात आणि आजची नंदुरबारात सापडेल. तिन्ही नावांनी शोध घ्या, नाहीतर अर्धे साहित्य निसटते.

दुसरी गावाच्या नावाची. इंग्रजी अहवालांत प्रकाशाचे प्रकाश होते, बहाळचे बहल, टेकवाड्याचे टेकवाडा. कवठे या नावाची तर महाराष्ट्रात कितीतरी गावे आहेत, म्हणून तालुका आणि नदी जुळल्याशिवाय नोंद आपल्या गावची धरू नका.

तिसरी वर्षाची. १९५६-५७ असे जोडवर्ष दिलेले असते, आणि खोदकाम बहुधा पावसाळा सरल्यावर सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडी थांबते. गावातला माणूस "छप्पन साल" म्हणत असेल आणि अहवालात सत्तावन्न असेल, तर दोघेही बरोबर असू शकतात.

माणसे: कोणाकडे जायचे आणि काय विचारायचे

यादी करताना पहिले नाव पाटलांचे आणि दुसरे सरपंचांचे पडते. ती नावे असू द्या, पण खोदकाम त्यांनी केलेले नसते. कुदळ धरणारे, घमेली वाहणारे, बैलगाडी हाकणारे, रात्रीची राखण करणारे आणि तंबूवर स्वयंपाक करणारे शोधा. भिल्ल वस्तीत जा, नदीकाठच्या भोई-कोळ्यांच्या घरी जा. तापीकाठची काही गावे उकाई धरणाच्या पाण्याखाली गेली. तिथली माणसे आता पुनर्वसित गावठाणांत आहेत आणि जुन्या गावाच्या नावाने विचारले तरच सापडतात.

सर्वात जास्त सुटतात त्या बायका. खापरे धुणे, वाळवणे, माती चाळणे ही कामे बऱ्याच ठिकाणी बायका आणि पोरी करत. त्या वेळी बारा-चौदा वर्षांची असलेली मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली, नाव-आडनाव बदलले, आणि माहेरच्या गावात तिची आठवण फक्त भावकीत उरली. तिला गाठायचे तर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. खानदेशात सासुरवाशिणी आखाजीला माहेरी येतात, झोक्यावर बसतात, निवांत असतात. महिनाभर आधी भाऊ-भाच्यांकडून यादी करा. आखाजी चुकली तर श्रावणातल्या कानबाईच्या सणाला भाऊबंद पुन्हा एकत्र जमतात.

मुलाखतीला दोघांनीच जा: एक बोलेल, दुसरा यंत्र आणि वही सांभाळेल. चार-पाच जण गेले की ती सभा होते आणि सांगणारा भाषण करू लागतो. वेळ सकाळी साडेसात ते दहा. एप्रिल-मेमध्ये दहानंतर म्हाताऱ्या माणसाला बोलायला लावू नका, आणि पंखा बंद करून बसवणे तर त्याहून वाईट. पंखा मात्र बंदच लागतो, कारण मोबाइलच्या माइकला पंख्याची घरघर माणसाच्या आवाजाएवढीच ऐकू येते. म्हणून सकाळ. पत्र्याच्या छपराखाली बसू नका, आवाज घुमतो. धाब्याच्या घराची जाड मातीची भिंत ध्वनिमुद्रणाला उत्तम. अंगणात बसायचे तर बकऱ्या आणि पिठाची गिरणी लांब हवी.

मोबाइलवर मुद्रण केले तरी चालते, पण कॉलरला लावायचा तारेचा माइक घ्या. तो छातीवर, हनुवटीपासून साधारण वीतभर खाली लावा. गळ्यातली माळ किंवा लुगड्याचा पदर त्याला घासत नाही हे पाहा. फोन विमान-मोडवर टाका. मुद्रण वेव्ह प्रकारात, ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटवर करा. एका माइकच्या मुद्रणाला तासाला साधारण ५२० एमबी जागा लागते, तेवढी आधी मोकळी करून जा. सुरुवातीला तारीख, गाव, सांगणाऱ्याचे आणि विचारणाऱ्याचे नाव मोठ्याने बोला. हे राहिले तर पाच वर्षांनी ती फाइल कोणाची हे कोणालाच सांगता येत नाही.

"काय सापडले होते हो आजोबा?" हा प्रश्न पहिला विचारू नका. त्यावर सोन्याच्या हंड्याची गोष्ट येते, कारण प्रत्येक गावात ती तयार असते. रोजच्या कामावरून सुरुवात करा. हजेरी कोण मांडायचे? मजुरी रोज मिळायची की बाजाराच्या दिवशी? घमेले लोखंडी होते की बांबूची टोपली? खड्ड्यात उतरायला पायऱ्या कापल्या होत्या की शिडी होती? माती कुठे टाकायचे? माती टाकायच्या जागेचा प्रश्न फार महत्त्वाचा, कारण तो ढीग आजही तिथेच असू शकतो आणि लोक त्यालाच मूळ टेकाड समजतात. खड्डा बुजवला की तसाच सोडला, हेही विचारा.

जुना फोटो दाखवायचा असेल तर वीस-पंचवीस मिनिटांनी दाखवा. आधी दाखवला तर माणूस फोटोत दिसते तेच आठवू लागतो.

सनावळी कोणालाच आठवत नाही, म्हणून खुणेचे प्रसंग वापरा. पहिली निवडणूक १९५२ ची, महाराष्ट्र राज्य १ मे १९६० चे, तापीचा मोठा पूर १९६८ चा, बांगलादेशाचे युद्ध १९७१ चे, दुष्काळ १९७२ चा. पाटण्याचे उत्खनन दुष्काळाच्या त्याच हंगामातले. तिथल्या माणसाच्या आठवणीत दुष्काळी कामावरचे खोदणे आणि उत्खननाचे खोदणे एकमेकांत मिसळलेले असण्याची शक्यता मोठी. "खडी फोडायला जात होता तेव्हाच की त्याच्या आधी? सुकडी मिळायची तेच हे काम का?" असे विचारून दोन्ही सुटी करा (सुकडी हे दुष्काळी कामावर वाटले जाणारे खाणे). दोनदा उत्खनन झालेल्या बहाळसारख्या गावी तर कोणती आठवण कोणत्या खेपेची, हे प्रत्येक वेळी विचारावे लागते. चार वर्षांच्या अंतराने आलेले दोन तंबू साठ-सत्तर वर्षांनी एकच होऊन जातात.

माणूस अहिराणीत बोलत असेल तर अहिराणीतच लिहून घ्या. "माले" चे "मला" करू नका, "आंडोर" चे "मुलगा" करू नका. शहादा-नंदुरबारकडे गुजरी, भिली, पावरी आणि रावेर-यावलकडे लेवा बोली येईल. ती समजणारा माणूस बरोबर न्या. मातीच्या रंगाला, थराला, खापराच्या जातीला बोलीत वेगळे शब्द असतात आणि प्रमाण मराठीत आणताना नेमके तेच गळतात. तासाभराचे बोलणे उतरवायला पाच-सहा तास लागतात, म्हणून एका दिवसात दोनपेक्षा जास्त मुलाखती घेऊ नका; उतरवणे साचत जाते आणि शेवटी होतच नाही. टंकलेखन यूनिकोडमध्येच करा. जुन्या छपाईच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की अक्षरांचा चुराडा होतो.

संमतीचा कागद एका पानाचा, मराठीत आणि मोठ्या अक्षरात हवा. तीन पर्याय द्या: कोणीही ऐकावे, फक्त गटाच्या जागेत येऊन ऐकावे, किंवा माझ्या पश्चात खुले करावे. सही येत नसेल तर अंगठा घ्या, आणि तो कागद वाचून दाखवल्याचेही मुद्रण करा. वेठबिगार, मारहाण, बुडालेली मजुरी असे काही सांगितले गेले तर त्याच वेळी पुन्हा विचारा की हे बाहेर जाऊ द्यायचे का. पुढच्या आठवड्यात मुलाखतीची प्रत पेन ड्राइव्हवर घरच्यांना नेऊन द्या. गटावर विश्वास यातून बसतो, आणि दुसऱ्या खेपेला बंद पेटी उघडते तीही यातूनच.

कागद आणि फोटो: मूळ वस्तू घरातून हलवू नका

शोधायचे कुठे? जिल्हा परिषद शाळेचे शेरेबुक पाहा. बाहेरगावचे पाहुणे शाळेत उतरले किंवा भेटीला आले असतील तर सही-शेरा मिळण्याची शक्यता असते. ग्रामपंचायतीची जुनी ठराव बुके, पोलीस पाटलाच्या घरातले कागद, दुकानदाराच्या उधारीच्या वह्या, टपालवाल्याच्या घरची पत्रे, तालुक्याच्या फोटो स्टुडिओतल्या जुन्या निगेटिव्ह, हे सगळे विचारून पाहा. हजेरीपट मिळाला तर सोने मिळाले समजा, कारण त्यात मजुरांची नावे असतात.

नियम एकच: मूळ कागद मालकाच्या घरी राहील, गट त्याची प्रत घेईल. स्कॅनर त्यांच्या ओट्यावर न्या, समोर बसून काम करा, तिथेच परत द्या. कागद "दोन दिवसांसाठी" नेणे हेच गावातल्या बहुतेक भांडणांचे मूळ असते. मालकाने आपणहून कायमचे दिले तर दानपत्र लिहून घ्या. सांभाळायला दिले तर ठेवपावती करा आणि परत कधी व कोणाला द्यायचे तेही लिहा. मालक वारला तर वारसांपैकी कोण, हा प्रश्न पावतीतच सुटलेला असावा.

हाताळणीची रीत अशी. हात धुऊन कोरडे करा, पान उलटताना बोटाला थुंकी लावू नका. हातमोजे फक्त निगेटिव्हसाठी. कागदाला मोजे घातले की बोटाला कळत नाही आणि कड फाटते. गंजलेली टाचणी ओढून काढू नका. जुन्या एक्स-रेच्या फिल्मची पातळ पट्टी टाचणी आणि कागदाच्या मध्ये सरकवा, दुसऱ्या बाजूनेही तसेच करा, मग बोथट सुरीने टोक सरळ करून टाचणी पट्टीवरून घसरवत काढा. गंजाचा डाग तसाच राहू द्या. चिकटपट्टी कधीही लावू नका. दहा-पंधरा वर्षांत तिचा गोंद पिवळा पडून कागदात मुरतो आणि शाई पसरवतो. तालुक्याच्या ठिकाणी जुन्या कागदाला हटकून लॅमिनेशन सुचवले जाते. तापलेल्या रुळाखाली ठिसूळ कागद एकदा प्लास्टिकला चिकटला की तो कोणालाही सोडवता येत नाही. त्याऐवजी मोकळ्या पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात ठेवा. पीव्हीसीचे पाकीट नको. त्याला नव्या रेक्झीनसारखा वास येतो, आणि फोटो त्याला चिकटतो.

फोटोवर पेनने नंबर लिहू नका. मागे, कडेला, मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने लिहा. अलीकडच्या प्लास्टिक-लेप असलेल्या फोटोवर पेन्सिल उमटत नाही, तिथे नंबर पाकिटावर घाला. निगेटिव्हच्या डब्याला आंबट सिरक्यासारखा वास येत असेल तर फिल्म सडू लागली आहे. ती बाकीच्या साहित्यापासून लगेच वेगळी करा आणि पहिली स्कॅन करा, कारण त्या वाफेने शेजारची फिल्मही बिघडते.

फोटोची नोंद कशी करायची ते एका उदाहरणाने. समजा, हातात तीन इंची काळापांढरा फोटो आहे: उभे टेकाड, पुढे दोन तंबू, धोतर नेसलेले चार जण, एकाच्या हातात काठी. मागे शाईने "तंबू, जानेवारी" एवढेच. नोंदीच्या तीन ओळी वेगवेगळ्या लिहा. पहिली ओळ, मागे काय लिहिले आहे ते जसेच्या तसे: तंबू, जानेवारी. दुसरी, डोळ्यांना काय दिसते: दोन तंबू, चार पुरुष, काठीवर काळे-पांढरे पट्टे आहेत, म्हणजे ती मोजमापाची असावी, सावल्या लांब. तिसरी, कोणी काय सांगितले: डावीकडून दुसरे आपले वडील, असे अमुक यांनी अमुक तारखेला सांगितले. या तिन्ही ओळी कधीही एकत्र करू नका. गटातल्या कोणीतरी उत्साहाने "बहाळ उत्खनन, १९५७" असे ठोकून दिले की पुढचे सगळे तेच उतरवत जातात, आणि तो तंबू दुसऱ्याच कोणत्या खात्याचा होता हे नंतर कळूनही उपयोग नसतो.

स्कॅनिंग

कागद ३०० ते ४०० डीपीआय (म्हणजे एका इंचातले ठिपके), फोटो ६०० डीपीआय, ३५ मिलिमीटरची निगेटिव्ह ३२०० डीपीआय. काळापांढरा फोटोही रंगीत मोडमध्येच स्कॅन करा, म्हणजे पिवळेपणा, शाईचा रंग आणि डाग कळतात. मूळ प्रत टिफमध्ये, वापरायची प्रत जेपेगमध्ये. चार बाय सहा इंचाचा फोटो ६०० डीपीआयला किंवा ए-फोर कागद ३०० ला, दोन्ही साधारण २६ एमबीचे होतात. हजार चित्रांना २६ जीबी लागतात, म्हणजे जागेची अडचण नाही. फोटोची मागची बाजूही स्कॅन करा, कोरी असली तरी. कागद आपोआप ओढून घेणारे यंत्र जुन्या कागदाला लावू नका.

व्हॉट्सअॅपवरून आलेला फोटो ही प्रत धरू नका. तिथे चित्र दाबून लहान होते आणि कधी काढले ही माहितीही निघून जाते. परगावी असलेल्या कुटुंबाकडून मागवायचेच तर "डॉक्युमेंट" म्हणून पाठवायला सांगा.

फाइलचे नाव रोमन अक्षरांत, जागा न सोडता ठेवा: गाव, प्रकार, चार आकडी क्रमांक. देवनागरी नावे काही जुन्या संगणकांवर मोडतात. प्रती तीन ठेवा: एक गटाच्या हार्ड डिस्कवर, दुसरी वेगळ्या डिस्कवर आणि दुसऱ्या घरी, तिसरी गावाबाहेर, ग्रंथालयात किंवा इंटरनेटवरच्या साठ्यात. दोन्ही डिस्क एकाच कपाटात असतील तर ती एकच प्रत समजा. पेन ड्राइव्ह फक्त ने-आण करण्यासाठी.

खानदेशच्या हवेत कागद ठेवणे

इथली हवा कागदाला दोन्ही बाजूंनी मारते. मेमध्ये पारा पंचेचाळिसापर्यंत जातो, हवा इतकी कोरडी की जुने कागद कडेने तडकतात. जुलै-ऑगस्टमध्ये ओल येते आणि बुरशी धरते. म्हणून पत्र्याच्या छपराखाली किंवा वरच्या माळ्यावर पेटी ठेवू नका. तळमजल्याची आतली खोली, बाहेरच्या भिंतीला न टेकणारे कपाट, जमिनीपासून किमान वीतभर उंच खालचा कप्पा. लोखंडी कपाट वाळवीपासून बरे, पण त्याच्या पायाखाली दर पावसाळ्याआधी पाहा, वाळवी भिंतीवरूनच चढते.

आत झाकणाचा घट्ट प्लास्टिकचा डबा, कागद मांजरपाटात गुंडाळलेले. मांजरपाट दोनदा धुऊन खळ काढून घ्या; खळीवर कसर येते. वीस लिटरच्या डब्यात ओल शोषणारे, रंग बदलणारे सिलिका जेल २०० ग्रॅम कापडी पुरचुंडीत ठेवा, कागदाला लागू देऊ नका. रंग बदलला की १२० अंशावर दोन तास ओव्हनमध्ये तापवून गार करा आणि पुन्हा वापरा. जेल फक्त जून ते सप्टेंबर ठेवा, उन्हाळ्यात काढा, नाहीतर कागद आणखी कोरडा पडतो. डब्यात एक लहान डिजिटल आर्द्रतामापक टाका. आकडा ३५ ते ५५ मध्ये असावा. ६५ च्या वर गेला की बुरशीची तयारी सुरू. डांबरगोळ्या फोटोजवळ नकोत. कडुलिंबाचा ओला पाला तर मुळीच नको, त्यातली ओल आणि डाग कागदात उतरतात. वेखंडाचे कोरडे तुकडे कापडात बांधून कोपऱ्यात ठेवणे चालते, पण त्याच्या भरवशावर पाहणी सोडू नका.

कागदाला कसर लागलीच तर गावातल्या आइस्क्रीमवाल्याचा डीप फ्रीजर कामाला येतो. कागद दुहेरी पॉलिथिन पिशवीत हवा काढून सीलबंद करा, उणे १८ ते २० अंशांत दोन आठवडे ठेवा, बाहेर काढल्यावर पूर्ण २४ तास पिशवी उघडू नका. लगेच उघडली तर गार कागदावर दव धरते आणि किडीतून वाचलेला कागद बुरशीत जातो. फोटो आणि काचेच्या निगेटिव्ह यात घालू नका.

कागद पावसात भिजला तर उन्हात टाकू नका. पानांत टीपकागद घालून सावलीत पंख्याखाली ठेवा, टीपकागद दर दोन-तीन तासांनी बदला. ४८ तासांच्या आत कोरडे झाले नाही तर बुरशी येतेच.

पांढरीवर गेल्यावर

जुन्या वस्तीच्या टेकाडाला आपल्याकडे पांढरी म्हणतात. शेकडो वर्षांच्या मातीच्या भिंती, राख, शेण यांनी ती माती पांढुरकी झालेली असते. याच मातीने धाबी लिंपली गेली, ती शेतात खत म्हणून गेली, आणि अशीच टेकाडे हळूहळू सपाट झाली. मोहिमेच्या वेळी टेकाड केवढे होते आणि आज केवढे आहे, हे नोंदवणे गटाचे मोठे काम आहे. त्यासाठी खणावे लागत नाही.

आधी जागा नक्की करा. अहवालात सर्व्हे नंबर असेल तर तो आजच्या सातबाऱ्यावर सापडणार नाही, कारण एकत्रीकरण योजनेत गट नंबर बदलले. भूमी अभिलेख कार्यालयात ९(३)-९(४) चा उतारा मागा, जुना नंबर आणि नवा गट त्यात जुळवता येतो. सर्वेक्षण खात्याच्या जुन्या नकाशांत खानदेशचा बहुतेक भाग ४६ क्रमांकाच्या पत्रकांत येतो: प्रकाशा-नंदुरबार ४६ के, धुळे ४६ एल, जळगावचा भाग ४६ ओ आणि ४६ पी. जुन्या नकाशावरचे अक्षांश-रेखांश मोबाइलमध्ये तसेच टाकले तर जागा साधारण शंभर मीटरच्या घरात सरकते, कारण दोन्हींच्या मोजणीचा पाया वेगळा आहे. नकाशावरच्या विहिरी, देऊळ, नदीचा वळसा यांच्याशी पडताळल्याशिवाय "खड्डा इथे होता" असे म्हणू नका.

जुना फोटो हातात घेऊन तो जिथून काढला तिथेच उभे राहा. लांबचा डोंगर किंवा देवळाचा कळस आणि जवळचे झाड यांचा मेळ बसवत पुढे-मागे व्हा. जागा सापडली की तिचे स्थान लिहा आणि दरवर्षी त्याच महिन्यात, त्याच वेळी फोटो घ्या. कापूस-ज्वारी उभी असताना टेकाडाचा उतार दिसत नाही, फेब्रुवारी-मार्च बरा. चौकटीत मोजपट्टी आणि उत्तरेची खूण ठेवा.

खापर उचलू नका. फोटो घ्या, तिथेच ठेवा. जागेवरून उचललेल्या खापराची साक्ष संपते. कायदाही पक्का आहे: परवानगीशिवाय उत्खनन गुन्हा आहे, १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांवरच्या वस्तू पुरावस्तू ठरतात, आणि जमिनीत दहा रुपयांवर किमतीचे काही पुरलेले मिळाले तर १८७८ च्या कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत बांधकामाला मनाई आहे, पुढच्या २०० मीटरला परवानगी लागते. कोणाच्या घरी आधीच काही असेल तर विकत घेऊ नका, फुकटही घेऊ नका. फोटो, माप, कोणत्या शेतातून आले ते लिहा आणि राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाला पत्र द्या. पत्राची पोच जपून ठेवा.

प्रदर्शनात किंवा इंटरनेटवर नेमका गट नंबर आणि अक्षांश-रेखांश देऊ नका. गावाचे नाव पुरे. गुप्तधनाच्या नादाने रात्री खणणारे आजही आहेत, आणि नेमके ठिकाण कळले की टेकाडाला पहाटेपर्यंत भगदाड पडलेले असते.

नोंदवही आणि गट

एक जाड बांधीव वही, पाने आधीच क्रमांकित. रकाने: क्रमांक, तारीख, कोणाकडून, काय, मूळ की प्रत, कोणत्या अटीवर, परत दिल्याची सही. संगणकावर तक्ता असला तरी ही वही हवीच. चुकले तर एका रेघेने खोडा आणि शेजारी सही करा, व्हाइटनर नको.

नोंदणीची घाई नको. संस्था नोंदणी कायदा, १८६० खाली किमान सात सभासद लागतात आणि महाराष्ट्रात सार्वजनिक न्यास कायद्याखालीही नोंद होते, दरवर्षी हिशेब द्यावा लागतो. पहिले वर्ष-दोन वर्षे वही, दोघांच्या सहीचे बँक खाते आणि महिन्याला एक बैठक एवढ्यावर काम चालते. देणगी घ्यायची किंवा मूळ कागद कायमचे स्वीकारायचे ठरले की मात्र नोंदणी करा. नोंदणी नसलेल्या गटाला दिलेली वस्तू कायद्याने ज्याच्या घरात आहे त्याचीच ठरू शकते. गट बंद पडला तर सगळे साहित्य कोणत्या संस्थेला जाईल, हे घटनेत नावासकट लिहा आणि त्या संस्थेचे होकाराचे पत्र आधीच घ्या. नाहीतर सांभाळणारा माणूस गेला की वर्षभरात पेटी रद्दीत जाते.

दिवाळीनंतर, हवा कोरडी झाली की, वर्षातून एकदा प्रत्येक डबा उघडा. वहीतला प्रत्येक क्रमांक हाताने मोजा, दोन्ही डिस्कवरच्या दहा-दहा फाइली उघडून पाहा, दर पाच वर्षांनी डिस्क बदला, आणि पाहणीची तारीख झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहा.